अण्णांचा गुण्या

महादेवअण्णा गेल्याचा निरोप ज्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आला, त्याचं नाव अजून 'फिटर विभाग' असंच आहे. विभाग बंद होऊन दोन वर्षं झाली, नाव बदलायचं कुणाला सुचलं नाही. खाली हात जोडल्याची रांग लागली होती... ज्या साहेबांनी विभागाला कुलूप लावलं, त्यांचेही त्यात होते. मेल्यावर माणूस चांगला, ही आपली जुनीच रीत!

निपाणीजवळच्या आमच्या अनुदानित प्रशिक्षण केंद्रात अण्णा फिटरचे निदेशक आणि मी कारकून. दहावीनंतर कॉलेज न परवडणारी पोरं-पोरी त्यांच्याकडं यायची. सुरुवातीला कितीतरी दिवस एकच काम, लोखंडाचा तुकडा कानशीनं घासून चौकोनी करायचा. मग अण्णा त्याला गुण्या, म्हणजे काटकोन तपासायची पट्टी, लावून खिडकीकडं धरायचे. "उजेड दिसतोय रं. परत घास." पोरं रडकुंडीला यायची. पण फट बुजली की अण्णा स्वतः तुकड्याला तेल लावून हातात द्यायचे आणि म्हणायचे, "आता तुला कुठंबी भाकरी मिळंल."

पुढं सरकारला 'कौशल्य' नावाचा साक्षात्कार झाला. रंगीत फलक आले, धडे दाखवणारे भिंतीएवढे पडदे आले, आणि दोन वर्षांच्या कोर्सचं अनुदान हवं तर फक्त कर्नाटकात राहणारी पोरं मोजली जातील, अशी अट आली. आता आमच्याकडं सीमा म्हणजे काय? घर इकडं, मळा तिकडं, आत्या तिसरीकडं. महाराष्ट्रातल्या कागलच्या बाजूची पोरं वजा केली, तर किमान संख्येला चार कमी पडत होती. तिकडच्या कार्यालयात विचारलं, तर केंद्र आमच्या हद्दीत नाही म्हणाले. भाषणात सीमाभागाच्या लेकरांवर दोन्हीकडचा हक्क, अनुदानाच्या वेळी दोघांचेही हात वर!

यादी पाठवायच्या दिवशी अण्णा माझ्या टेबलाशी आले. आयुष्यात पहिल्यांदाच अजिजीनं बोलले. "कागलकडच्या त्या चार पोरींचा पत्ता इकडच्या मामाच्या घरचा लिव्हा की." मला माझी पेन्शन दिसली. वर जिभेला हाड नव्हतंच. हसत म्हणालो, "अण्णा, उजेड दिसतोय." ...ते गुण्या पुसत वर्कशॉपकडं गेले. यादी तशीच गेली, विभाग बंद झाला आणि त्यांना पडद्याच्या खोलीत रिमोट घेऊन बसवलं. कानशीवर जन्म गेलेला माणूस तो. गेल्या महिन्यात झोपेतच गेले. डॉक्टर हृदय म्हणाले. मी काय म्हणू?

बाराव्याला सुजाता भेटली, त्या चौघींतली एक. आता तंबाखूच्या वखारीत जाते. कारकुनाची खोड जात नाही, मी विचारलं, "गाव कुठलं गं तुझं?"

"आधारवर कागलकडचं हाय, सर. पण चौथीपासनं मी निपाणीत मामाकडंच ऱ्हाते. आम्ही चौघीबी तशाच. अण्णा तुम्हास्नी सांगायला आलते न्हवं?"

आले होते. मी विचारलंच नव्हतं. दोन प्रश्न विचारायचे होते फक्त, आणि मला कोटी सुचली होती. लाज वाटते, दुसरं काय!

निघताना वहिनींनी गुण्या माझ्या हातात ठेवला. "तुमचं लई नाव काढायचे," म्हणाल्या. काय म्हणून, ते विचारायचं धाडस झालं नाही. आता तो माझ्या टेबलावर असतो. परवा भिंतीवरचं मानपत्र उतरवलं, निवृत्तीला मिळालेलं, 'प्रामाणिक आणि नियमबद्ध सेवेबद्दल'. चौकटीच्या कोपऱ्याला गुण्या लावून खिडकीकडं धरला. चौकट अगदी काटकोनात आहे. कुठंही उजेड दिसत नाही.