निकेलच्या टाकीतला भंडारा

निघोजे गावाच्या शिवेवर, मोठ्या कंपनीच्या मागच्या भिंतीला लागून एक लहान कारखाना आहे. तेथे दुचाकीच्या हँडलांना निकेलचा मुलामा दिला जातो. भिमाबाई चौदा वर्षांपासून तेथील मोठ्या टाकीवर काम करीत होत्या. हँडलांचे दांडे तांब्याच्या आकड्यांना आडवे टांगावेत, हिरव्या द्रावणात सोडावेत, बाहेर आले की करंगळीच्या नखाने तपासावेत, असे त्यांचे काम होते.

धातू पाण्यातून येऊन दांड्यावर कसा बसतो, हे डोळ्यांना दिसत नाही. भिमाबाईंना मात्र तो बसताना जाणवत असे. हिंगोलीकडच्या त्यांच्या गावी पहाटेचे धुके ज्वारीच्या पानांवर उतरायचे, तसा तो कोणाला न सांगता थरावर थर उतरतो, असे त्यांना वाटे. त्या हिरव्या पाण्याकडे पाहता पाहता त्यांना वेळेचे भान उरत नसे.

एका वर्षी खंडेनवमीला त्यांनी निमगावच्या खंडोबाचा भंडारा आणला. प्रत्येकाने आपापल्या यंत्राची पूजा केली, तेव्हा भिमाबाईंनी टाकीला हार घातला आणि 'येळकोट' म्हणून मूठभर भंडारा उधळला. थोडा काठावर सांडला, उरलेला पाण्यावर पडला. हिरव्यावर पिवळे नक्षत्र पसरावे तसे ते दृश्य होते. मग ते हळूहळू बुडाले. भिमाबाईंनी हात जोडले. त्यानंतर कारखाना दोन दिवस बंद राहिला.

तिसऱ्या दिवशी पहिले दांडे बाहेर आले, ते रव्यासारखे खरखरीत. दोनशे चाळीस हँडले वाया गेली. सुपरवायझर सयाजीराव थेट एहसानवर धावून गेले, कारण फिल्टरला कापडी पिशवी बसवून द्रावण गाळण्याचे काम एहसानकडे होते.

"फाटकी पिशवी बसवलीस व्हय रं?"

"नवी होती साहेब. कसम से."

"गप. शनिवारी गिऱ्हाइकाचा माणूस येतोय. तवर फिल्टरला कुणी हात लावायचा न्हाई. त्याच्यासमोर पिशवी काढू, आन् तुझं गेटचं कार्डबी तिथंच काढून घेऊ."

एहसानला ही नोकरी लागून जेमतेम सात महिने झाले होते.  दुपारी त्याने डबा उघडला नाही.

त्या काळात मैत्री नावाची एक मुलगी आकुर्डीच्या महाविद्यालयातून संशोधनासाठी कारखान्यात येत असे. पृष्ठभाग कसा वाढतो आणि वाढता वाढता खडबडीत कसा होतो, याचे गणित ती संगणकावर मांडत होती. नखाने खरखर ओळखणाऱ्या भिमाबाईंचे तिला मोठे कौतुक. शुक्रवारी तिने त्यांना जवळ बोलावले.

"मावशी, हे बघा. वरून एकेक कण पडतोय. कुठं पडेल ते सांगता येत नाही."

"पाऊसच की मग."

"पाऊस वाहून जातो हो. हे जिथं पडतात तिथंच बसतात. काही जवळच्या खळग्यात घरंगळतात, म्हणून थर बराचसा सपाट राहतो. माझ्या गणितानं तुमचे दांडे थोडेसेच खरखरीत व्हायला हवे होते. पण त्यांच्यावर डोंगर उगवलेत, आणि तेही फक्त वरच्या अंगाला. म्हणून आज मी बाहेरचे दहा कण सोडून पाहिले."

पडद्यावर दहा ठिपके स्थिर झाले. त्यांच्यावर कण पडू लागले. उंचवटा आला की वीज त्याच्या टोकाकडे जास्त ओढली जाते आणि तेथे धातूही जास्त बसतो, असे मैत्री सांगत होती. भिमाबाईंना तिचा आवाज दुरून आल्यासारखा वाटला. त्यांच्यासमोर टेकड्या उठत होत्या, टेकड्यांचे डोंगर होत होते, मधल्या दऱ्या अंधारत होत्या. आपण त्या दरीतून चालत आहोत आणि प्रत्येक डोंगराच्या पोटात काहीतरी निजले आहे, असे त्यांना वाटले.

"ते दहा कण कशाचे गं?"

"कशाचेही. पाण्यात न विरघळणारी धूळ, कचरा. वरून खाली बसलेलं काहीतरी."

डोंगराच्या पोटात काय निजले होते, ते भिमाबाईंना त्या क्षणी दिसले. ते पिवळे होते.

 देवाच्या भंडाऱ्याला कचरा म्हणायला त्यांची जीभ रेटेना. सांगितले तर चौदा वर्षांची टाकी जाईल, हेही त्यांना कळत होते. पलीकडे एहसान रिकाम्या हातांनी भिंतीला टेकून बसला होता. चहाची वेळ झाली, सगळे जमले, तेव्हा त्या सयाजीरावांपुढे गेल्या.

"साहेब, टाकीत भंडारा पडलाय."

"भिमाबाई, देवाला मधी आणू नगा."

"देव न्हाई आणला साहेब. भंडारा आणला. टाकला बी मीच."

शनिवारची वाट न पाहता सयाजीरावांनी पिशवी काढायला लावली. ती कोठेही फाटली नव्हती. आतून मात्र हळदीने माखली होती.

"पण मग दांडे टांगायच्या आधीच पिशवीनं ही हळद का नाही पकडली?" मैत्रीने विचारले. "टाकी सुरू केल्यावर नुसतं पाणी फिल्टरमधून किती वेळ फिरवलं?"

"फिरवलंच न्हाई," एहसान खाली पाहत म्हणाला. "साहेब बोलले, घाई आहे, लगेच टांगा."

सयाजीराव कमरेचा पट्टा नीट करीत राहिले. मग म्हणाले, "कार्ड ऱ्हाऊ दे तुझ्यापाशी."

भिमाबाईंची मात्र पॅकिंगच्या टेबलावर बदली झाली. तेथून टाकी दिसत नाही. आपण देवाच्या नावाने चूक केली की कबुली देऊन देवाचीच चूक काढली, याचा उलगडा त्यांना अजून झालेला नाही. हँडले कागदात गुंडाळताना त्या विचारात हरवतात आणि कागद तसाच हातात राहतो.

सोमवारी एहसान चहाचा कप घेऊन आला.

"मावशी, तुमच्या खंडोबानं माझी नोकरी खाल्ली असती की!"

"त्यानंच राखली म्हण, मेल्या."

"राखली तुम्ही," तो म्हणाला आणि कप त्यांच्यापुढे ठेवून टाकीकडे परत गेला.