मनातून उतरलेले साहेब

"दाजी माझ्या मनातून उतरले," साक्षीदार म्हणाला आणि त्यानं रुमालानं मान पुसली.

"मोठ्यानं सांगा," न्यायाधीश म्हणाले. बिचाऱ्याला तेच वाक्य पुन्हा, सगळ्या कोर्टाला ऐकू जाईल असं म्हणावं लागलं.

त्याचे दाजी म्हणजे आमच्या गावचे नगराध्यक्ष. त्यांनी बांधून घेतलेल्या नव्या सभागृहाचं छत गळतं, असं मी आमच्या साप्ताहिकात लिहिलं. छत गळतंच. पण साहेबांची म्हणे बदनामी झाली आणि मी आरोपी झालो. आता बदनामी झाली म्हणजे लोकांच्या मनातला आदर कमी झाला, हे कुणीतरी शपथेवर सांगायला हवं. गावातलं कुणी तयार होईना, तेव्हा साहेबांनी आपल्या बायकोच्या भावालाच पिंजऱ्यात उभं केलं.

अहो, अब्रू म्हणजे काय गळ्यातली चेन आहे, कुणी ओढून नेली की त्याला आत टाकायला? मी खोटं लिहिलं असेल तर खुलासा पाठवा, पहिल्या पानावर छापतो. नुकसान झालं असेल तर भरपाईचा दावा लावा. पण एका वाक्यासाठी माणूस तुरुंगातच हवा, हा कुठला हट्ट? या खटल्यापायी माझा पासपोर्ट अडकलाय. तिकडे परदेशात लेकीचं बाळ रांगायला लागलं.

आणि मी लिहिलं होतं ते छताबद्दल. साहेबांबद्दल वाईट असं जे काही बोललं गेलं, ते आज, भर कोर्टात, त्यांच्याच मेव्हण्याच्या तोंडून. ते ऐकताना साहेब समाधानानं मान डोलावत होते.