पोहे, पाहुणे आणि पुढच्या वर्षीचा प्रोसेसर

आमच्या घरात धड चालणारा लॅपटॉप नाही, कारण मला लॅपटॉपमधलं फार कळतं.

ज्यांना कळत नाही ते दुकानात जातात, घेतात आणि मोकळे होतात. मी मात्र रोज सकाळी कुकर लावला की मोबाईल उघडते. पुढच्या वर्षी कुठला प्रोसेसर येणार, आत पंखा असणार की नसणार, स्क्रीनची घडी होणार की गुंडाळी, या सगळ्या वावड्या वाचून काढते. त्यामुळे दुकानातलं काहीही मला शिळंच वाटतं. आमचा जुना लॅपटॉप चालू केला की मिक्सरसारखा ओरडतो आणि पोळी भाजेल इतका तापतो. शिरीष, म्हणजे आमचे हे, त्यावर हात शेकत म्हणतात, "थांब अजून. थंडीत उपयोगी पडतोय!"

सोसायटीत मात्र मला मान आहे. आमच्या डोंबिवलीच्या बायका नवऱ्याला न विचारता सोनं घेतील, पण मला न विचारता लॅपटॉप? शक्यच नाही. (विचारल्यावरही घेत नाहीत, कारण मी थांबायला सांगते.)

तर अशा घरात आमच्या लेकीचं, गार्गीचं, लग्न ठरायची वेळ आली. मुलगा निनाद, ठाण्याचा, माजिवड्याला राहणारा. दोघांचं आधीच जमलेलं. पण निनादच्या आईचं म्हणणं, रीतसर घरी येऊन पोहे खाऊ, मगच होकार देऊ. आदल्या दिवशी गार्गी माझ्या मागेमागे.

"आई, प्लीज, उद्या लॅपटॉपचा विषय काढायचा नाही हां. मला ह्याच्याशीच लग्न करायचंय."

"मी कशाला काढतेय?"

"तो चिप डिझाइनमध्ये आहे ना, म्हणून सांगतेय."

चिप डिझाइनमध्ये! आणि इतके महिने ही बया मला नुसतं 'इंजिनिअर आहे' सांगत होती! पोहे भिजवताना माझ्या डोक्यात नुसते प्रोसेसर फिरत होते. त्या नादात मिरच्या जरा जास्तच पडल्या.

पाहुणे आले. निनादच्या आईंनी गोड आवाजात विचारलं, "पत्रिका बघायचीय का तुम्हाला?"

"पत्रिका राहू दे हो," मी म्हटलं. "निनाद, पुढच्या वर्षी पंखा जाणार ना?"

निनादच्या आईंनी दचकून आमच्या छताकडे पाहिलं.

"काकू," निनाद नम्रपणे म्हणाला, "कामाबद्दल बाहेर बोलायची आम्हाला परवानगी नाही."

घ्या! लपवण्यासारखं काही नसतं तर परवानगी कशाला लागली असती? "बरं, तू नको बोलूस," मी म्हटलं. "मी बोलते. तू फक्त पोहे खा. तर, बिनपंख्याचे लॅपटॉप येणार!"

तो घटाघटा पाणी प्यायला.

"चार्जर घरी ठेवून गावाला जाता येणार!"

त्याला ठसका लागला.

"स्क्रीन चटईसारखी गुंडाळता येणार!"

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं! आता आणखी काय पुरावा हवा? गार्गीने टेबलाखालून मला लाथ मारली, ती शिरीषना लागली. "अगं, मी कुठे काय बोललो?" ते कळवळले. पाहुणे "कळवतो" म्हणून निघाले.

एवढ्यावर थांबले असते तरी निभावलं असतं. पण दसरा तोंडावर आलेला, अर्धी सोसायटी मुहूर्तावर लॅपटॉप घ्यायच्या तयारीत. त्यांना वाचवायला नको? मी ग्रुपवर लिहिलं, 'अगदी आतल्या गोटातली खबर. बिनपंख्याचे, गुंडाळीचे लॅपटॉप येत आहेत. दसऱ्याला कोणीही घेऊ नये. आमचे होणारे जावई त्याच खात्यात आहेत.'

संध्याकाळी स्टेशनजवळच्या दुकानदाराचा फोन. "ताई, काय केलंत? लोक बुकिंगं कॅन्सल करतायत! जावई कुठल्या कंपनीत आहेत हो?" मला तर उलट बरं वाटलं. दुकानदारसुद्धा माहिती विचारतोय म्हणजे बघा!

दुसऱ्या दिवशी सकाळी निनादच्या आईंचा फोन आला. माझा मेसेज त्यांच्या दिवा स्टेशनजवळच्या भाचीकडून कल्याणच्या नणंदेकडे, आणि तिथून थेट माजिवड्याला पोचला होता.

"अहो, आमच्या पोराची नोकरी जाईल ना! त्याच्या कंपनीत कळलं तर? अशा घरात सोयरीक करायची कशी?"

फोन स्पीकरवर होता. गार्गी दारातच उभी होती. भांडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकली आणि रडायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझं एवढं गुणाचं पोर, आणि मी तिच्या लग्नाची माती केली, तीसुद्धा अजून जन्माला न आलेल्या लॅपटॉपसाठी!

पेढे घेतले आणि तिघांनी माजिवडा गाठला. निनादने दार उघडलं. मी उंबऱ्यातच हात जोडले.

"निनाद, चुकलं रे माझं. लग्न मोडू नकोस. तू एक अक्षर बोलला नाहीस, हे मी सगळ्यांना सांगते."

तो हसायलाच लागला. "काकू, आत तर या. अहो, लॅपटॉपशी माझा काही संबंधच नाही. आमची चिप वॉशिंग मशीनमध्ये जाते."

"मग ते पाणी? तो ठसका?"

"अख्खी मिरची चावली मी! पहिल्यांदाच घरी आलेलो, थुंकणार कुठे?"

मी शिरीषकडे बघितलं. ते छताकडे बघत होते. तेवढ्यात निनादच्या आई आतून तरातरा आल्या. आता बोलणी खायची म्हणून मी डोळेच मिटले.

"वॉशिंग मशीन?" त्या लेकावरच कडाडल्या. "मेल्या, मी अख्ख्या बिल्डिंगला लॅपटॉप सांगितलंय!"

"आई, तू विचारलंस कधी?"

"विचारायला कशाला पाहिजे? चिप म्हटल्यावर लॅपटॉपच ना! काय हो?" हे मला.

"लॅपटॉपच!" मी ठामपणे म्हटलं.

आम्ही एकमेकींकडे बघितलं आणि जे हसत सुटलो! त्यांनीच पेढ्याचा बॉक्स फोडला, पहिला पेढा गार्गीला भरवला आणि म्हणाल्या, "नोकरीला धोका नाही ना? मग माझा होकार." गार्गी पुन्हा रडली, पण पेढा खात.

सगळं गोड झालं. एवढ्यात निनादचे वडील, जे आतापर्यंत पेपरामागे होते, हळूच म्हणाले, "विहीणबाई, मला लॅपटॉप घ्यायचाय. घेऊ की थांबू?"

गार्गी माझ्याकडे बघतेय, शिरीष बघतायत, जावई बघतायत. माझ्या जिभेवर काय काय आलं होतं म्हणून सांगू! ते सगळं मी पेढ्याबरोबर गिळलं. लेकीसाठी आई काय करत नाही?

"दसऱ्याला घेऊन टाका," मी म्हटलं. "वाट बघण्यात काही अर्थ नसतो."

गार्गीने मला घट्ट मिठी मारली. व्याह्यांनी दसऱ्याला लॅपटॉप घेतला, त्याला झेंडूचा हार घातला, मला फोटोही पाठवला. आणि त्याच महिन्यात कंपनीने त्याचं नवं, हलकं, दुप्पट वेगाचं मॉडेल काढलं!

लग्नात रुसायला मुलाकडच्यांना काहीतरी निमित्त शोधावं लागतं म्हणतात. आमच्या व्याह्यांना ते मी स्वतः, अगदी मुहूर्तावर, घरपोच दिलं!