मेपलची पालवी

करपलेल्या लॉनवर होजचं पाणी पडलं की येणाऱ्या वासाने मला नेपरव्हिलमधला, ऐंशीच्या दशकातला एक सप्टेंबर आठवतो. पुण्याहून आलेली आई अंगणातल्या लालसर मेपलला पाणी घालत होती.

"पालवी फुटलीय बघ!"

"आई, फॉल आला की गळतात ही पानं."

"लाल पान कोवळंच असतं गं. आपला आंबा विसरलीस?"

मी गोंधळले. पान चाचपलं, तर खरंच मऊ लागलं.

दिवाळीआधी आई परत गेली. नोव्हेंबरात फोनवर म्हणाली, "झाली का गं पालवी हिरवी?" खिडकीबाहेर नुसत्या फांद्या होत्या. 

आज पहिलं लाल पान दिसलं, आणि गराजमधून पानं ओढायचा रेक आणायला गेलेली मी होज घेऊन बाहेर आले.