रिजेक्ट काकूंचा पाचवा प्रश्न

रिजेक्ट काकूंना अपमान साठवायची आवड होती. इतर बायका भांडी साठवतात, काकू अपमान. आणि प्रत्येक अपमान घासूनपुसून, केव्हाही काढता येईल असा वरच्या फळीवर ठेवलेला. 'मी कुणावर राग धरत नाही,' असं त्या म्हणत. 'फाईल उघडी ठेवते, एवढंच.'

'रिजेक्ट' हे नाव त्यांना अमेरिकेतल्या नोव्हाय गावच्या आमच्या मराठी मंडळात पडलं. काकूंची पंचवीस वर्षं गाड्यांचे ब्रेक बनवणाऱ्या कारखान्यात माल तपासण्यात गेली. केसभर चूक दिसली, की लाल चिठ्ठी लावून माल परत. निवृत्त झाल्या, पण हात स्वस्थ बसेना. मंडळाच्या पॉटलकमध्ये, म्हणजे घरोघरून आणलेल्या पदार्थांच्या जेवणात, त्या ताट घेऊन टेबलापाशी उभ्या राहिल्या, की चांगल्या चांगल्या सुगरणींचे चेहरे पडत. माझ्या बायकोच्या, अनघाच्या, पुरणपोळीकडे बघून एकदा म्हणाल्या, 'कडेला पुरण पोचलेलं नाही. रिजेक्ट.' आणि वर चार पोळ्या खाल्ल्या. 'टेस्टिंगसाठी,' म्हणाल्या.

काका असताना दोघं मंडळाच्या प्रत्येक सहलीला यायची. काका गेले त्याच्या पुढच्या एप्रिलमध्ये इटलीची सहल निघाली. सहा जोडपी आणि काकू. सहलीचे सर्वेसर्वा भास्करराव, काकांचे जिवलग मित्र. निघायच्या दोन महिने आधी त्यांचा काकूंना मेसेज गेला: 'वहिनी, रूम शेअरिंगमुळे या वेळी जमत नाही. पुढच्या वर्षी नक्की.'

आता कबुली देतो. सही भास्कररावांची होती, मजकूर माझा. काकू प्रत्येक खांबापाशी थांबतात, गाइडला उलटतपासणीला घेतात, आपली पुढची ठिकाणं बुडतात, हे भास्कररावांना फोनवर मीच पटवलं होतं. वर 'खोलीचं कारण सांगा, म्हणजे वाईट वाटणार नाही,' ही अक्कलही माझीच. मला तेव्हा आपण फार मुत्सद्दी आहोत असं वाटलं होतं.

काकूंनी उत्तरादाखल नमस्काराचे दोन हात पाठवले. आणि आमच्या आठ दिवस आधी, एकट्या, व्हेनिसला जाऊन राहिल्या.

हे आम्हांला माहीत नव्हतं. आम्ही कुठे असणार हे मात्र त्यांना मिनिटामिनिटाने माहीत होतं. कारण भास्कररावांनी काकूंना सहलीतून काढलं, पण सहलीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून काढायचं विसरले! तिथे रोज वेळापत्रक पडत होतं: 'अकरा दहा ते अकरा पंचवीस, पुलावर फोटो. साडेचारला लाँच. उशीर केल्यास बस थांबणार नाही.'

काकूंचे व्हेनिसमधले शेवटचे दिवस कसे गेले, ते मला पुढे अनघाकडून कळलं. आधीच्या दिवसांत गाव पायाखाली घालून झालं होतं. उरलेले दोन दिवस त्यांनी एका सुताराच्या दारात काढले. गोंडोलाचं वल्हं ज्या वळणदार लाकडी आधारावर टेकतं, तो हा म्हातारा अक्रोडाच्या ओंडक्यातून घडवायचा. हातात ना मोजपट्टी, ना साचा. नुसता डोळा. काकू स्टूल टाकून बघत बसल्या. त्याला मराठी येत नव्हतं, यांना इटालियन. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी त्या लाकडावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, 'पास.' एवढ्या वर्षांत त्यांच्या तोंडून हा शब्द आम्ही कुणी ऐकला नव्हता. तो त्या सुताराला मिळाला. मग घड्याळ बघून त्या उठल्या. आमची लाँचकडे यायची वेळ झाली होती.

आम्ही सव्वातीनला हरवलो. व्हेनिसमध्ये फोनवरचा बाण सरळ भिंतीत घुसतो, नाहीतर पाण्यात. सेल्फी स्टिकला भगवं फडकं बांधून भास्करराव पुढे, आम्ही अकरा जण मागे. एका बोळातून छोट्याशा चौकात आलो, तर मधल्या जुन्या विहिरीशेजारच्या टेबलापाशी जांभळं जॅकेट, पांढरे बूट आणि पुढ्यात कॉफी.

'या!' काकू म्हणाल्या. 'कशी चाललीय सहल?'

'अरे वा, वहिनी! तुम्ही इथे? वा वा!' भास्करराव न थांबता म्हणाले. 'जरा घाईत आहोत हं.' आणि आम्ही डावीकडच्या बोळात पळालो.

वीस मिनिटांनी उजवीकडच्या बोळातून त्याच चौकात उगवलो.

'आलात?' काकूंनी विचारलं. 'बसा की. इथल्या बाईची कॉफी चांगली आहे.'

'नको, नको, निघालोच!'

तिसऱ्यांदा आलो तेव्हा चार वाजत आले होते. कुणाचे गुडघे गेले होते, कुणाचा आवाज चढला होता. भास्कररावांची मान खाली. अनघा न राहवून म्हणाली, 'काकू, लाँच कुठून सुटते हो?'

'सांगते ना,' काकू म्हणाल्या. 'आधी भास्कररावांशी थोडं काम आहे. पाचच प्रश्न.'

आम्ही सगळे गाड्यांच्या धंद्यातले. पाच प्रश्न म्हटल्याबरोबर सहाही इंजिनिअर ताठ उभे राहिले. कारखान्यात बिघाड झाला, की ओळीने पाच वेळा 'का' विचारायचं, म्हणजे मुळाशी पोचता येतं, ही आमची रोजची पद्धत. काकूंच्या हाताखाली ती शिकलेले दोघं तर तिथेच उभे होते.

'मला का नेलं नाहीत?'

'वहिनी, खोल्या दोघादोघांच्या...'

'मी स्वतंत्र खोली मागितली होती. ती का नाही घेतलीत?'

'बस बारा जणांचीच होती.'

'बाराचीच का?'

'आधी मोठी होती. मग बदलली.'

'का बदललीत?'

भास्कररावांनी झेंडा खाली केला. 'तुम्ही यायचं नाही असं ठरलं म्हणून.'

'का ठरलं?'

मी विहिरीचं कोरीवकाम बघू लागलो. फार सुंदर होतं. आजही डोळे मिटून काढून दाखवीन.

'तुम्ही जागोजागी थांबता, वहिनी. गाइडला प्रश्न विचारता. सगळ्यांना उशीर होईल असं... असं वाटलं लोकांना.'

आता सहावा प्रश्न माझ्यावरच येणार होता: कोणाला वाटलं? पण पद्धतीत 'कोण' नसतं. कारण शोधायचं, माणूस शोधायचा नाही, हा पहिला नियम. आणि काकूंनी जन्मात नियम मोडला नव्हता.

'एवढंच ना?' त्या म्हणाल्या. आवाज थोडा हलला. 'हे फोन करून सांगायचंत. मी म्हटलं असतं, बरं, कमी थांबीन. ह्यांच्या मित्राने मला खोटं कारण लिहून पाठवावं? दोन महिने मी विचार करतेय, की आता एकटी झाले म्हणून नकोशी झाले का.'

'चुकलो, वहिनी.'

'विहिरीपाशी उभ्या असलेल्यांना ऐकू आलं नाही.'

'चुकलो!' भास्करराव ओरडले. कॉफीवाली बाहेर येऊन बघून गेली.

काकूंनी कॉफीचा शेवटचा घोट घेतला. 'त्या तांबड्या घराला वळसा घाला. एक पूल, की समोर लाँच. दोन मिनिटं लागतात.'

दोन मिनिटं! पाऊण तास आम्ही लाँचभोवतीच प्रदक्षिणा घालत होतो, आणि ही बाई कॉफी पीत मोजत होती. पळता पळता मी मागे पाहिलं. काकू माझ्याकडेच बघत होत्या, आणि हसत होत्या.

परत आल्यावर भास्कररावांची फाईल बंद झाली. त्यांना दिवाळीला घरी जेवायला बोलावणं गेलं. मलाही गेलं. काकू मला त्याबद्दल काही म्हणाल्या नाहीत. उलट ताटात श्रीखंड वाढताना मायेने म्हणायच्या, 'मिलिंद, वाळलास रे.' मी श्रीखंड ताटात नुसतं फिरवत बसायचो. प्रत्येक गणपतीत, प्रत्येक पॉटलकमध्ये वाटायचं, आज विचारणार. चारचौघांत विचारणार. मी उत्तरं पाठ केली, बदलली, पुन्हा पाठ केली. मुत्सद्दी माणूस दोन वर्षं स्वतःशीच वाटाघाटी करत होता.

मग काकू दुसऱ्या राज्यात, मॉरिसव्हिलला मुलीकडे कायमच्या राहायला निघाल्या. सामान गेलं होतं, गाडी सुरू होती, मुलगी स्टिअरिंगवर. मी खिडकीशी गेलो आणि माझ्या तोंडून सुटलंच, 'काकू, तो मी होतो. तुम्हांला नको म्हणणारा. खोलीचं कारणही माझंच.'

'माहितेय,' काकू म्हणाल्या. 'भास्कररावांना वेळापत्रकापलीकडे दोन ओळी धड लिहिता येत नाहीत. त्यात तुझं नाव नव्हतं, एवढंच.'

'मग बोलला का नाहीत? दोन वर्षं!'

'बोलले असते, तर तुला त्याच दिवशी सुटल्यासारखं वाटलं असतं.'

'पण आता... आता माफ केलंत ना?'

काकूंनी माझ्याकडे फार प्रेमाने पाहिलं, पट्टा लावला, आणि काच वर केली.