आबांची फवारणी

माझी लेक चार वर्षांची आहे आणि आमच्या घरात तिची रोजच एकादशी असते. बिनशेंगदाण्याची साबुदाणा खिचडी, बटाटा, फळं आणि डॉक्टरांनी दिलेली उग्र वासाची पावडर. प्रथिनांतला एक घटक तिच्या शरीराला जन्मापासूनच पचवता येत नाही. तो रक्तात साठला तर मेंदूला इजा होते. म्हणून डाळ, अंडी, दूध, सगळ्यांना रामराम. दारात दोन म्हशी असलेल्या राजुरीतल्या घरात हे पाळायचं म्हणजे खायचं काम नाही.

गेल्या खेपेला पुण्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अशा आहाराने मुलांच्या आतड्यातली बुरशी बदलते का, ते आम्ही तपासतोय. शीचा नमुना द्याल का? बुरशी थोडीफार सगळ्यांच्याच पोटात असते, औषध काही नको. मी घाबरले नाही. घाबरले ते सोबत आलेले माझे सासरे, आबा. उभा जन्म द्राक्षबागेत गेलेला, बुरशी म्हणजे त्यांची जन्माची वैरीण. नारायणगाव येईपर्यंत आबा गाडीत गप्प होते. आबा गप्प म्हणजे डोक्यात काहीतरी शिजतंय, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी मी गोठ्यातून आले, तर आबा नातीपुढे पेला धरून बसलेले. आंबट ताक! द्राक्षवेलीवर भुरी, म्हणजे पांढरी बुरशी, आली की ते हेच फवारतात.

"येलीवरली बुरशी जाती, मग पोटातली न्हाई जायची व्हय?"

माझ्या तोंडचं पाणीच पळालं. पण लेक माझ्याआधी बोलली.

"आबा, ह्यात दूध हाय का?"

बोलायला लागली तेव्हापासून आम्ही तिला हा प्रश्न पढवलाय. आबांचा हात तिथंच थांबला.

"हाय गं बाय," म्हणत त्यांनी पेला खाली ठेवला. त्यांचे डोळे भरून आले. मला राग आला आणि दयाही आली, दोन्ही एकदमच.

पुढच्या आठवड्यात घाटघरला नात्यात बारसं होतं. यजमानांनी लाडानं पेढा लेकीच्या तोंडाशी नेला. मी ताटावरून उठेपर्यंत आबांनी मध्ये हात घातला.

"थांबा पावणं! डॉक्टरला इचारल्याबिगर आमच्या बागंवर आमी कायबी फवारत न्हाई."

यजमानांना काडीचंही कळलं नाही. मी मात्र परत बसले आणि चार वर्षांत पहिल्यांदा पंगतीत पोटभर जेवले.