साध्या पाण्यातली बशी

वसुधा मॅडमना साठ वर्षं पूर्ण होतायत, तूही दोन पानं लिही, असं संपादकांनी सांगितलं. या गौरव अंकात लिहिणारे बाकी सगळे डॉक्टर नाहीतर प्राध्यापक. माझं वारज्यात रंगीत माशांचं दुकान आहे, आणि विज्ञानाशी माझं दहावीलाच बिनसलं. तरी लिहितो, कारण मॅडमच्या प्रयोगशाळेतले झेब्रा मासे पहिल्यापासून माझ्याच दुकानातले.

पहिल्यांदा मॅडम दुकानात आल्या, तेव्हा टाकीसमोर बराच वेळ वाकून उभ्या होत्या.

“पाण्यात काय घालता?”

“प्रेम, मॅडम.”

“किती थेंब?”

गिऱ्हाईक आपल्याला पुरून उरणारं आहे, हे तिथंच कळलं. पुढे एकदा मासे पोचवताना मी हळूच त्यांच्या टाकीत प्लास्टिकचा मासा सोडला. पुढच्या खेपेला बघतो तर टाकीवर मॅडमच्या अक्षरात चिठ्ठी: ‘नवीन पाहुणा. अन्न घेत नाही. निरीक्षण चालू.’

साबणात, टूथपेस्टमध्ये, क्रीममध्ये जंतू मारायला जी रसायनं घालतात, ती गर्भाचं पहिल्या दिवसांत काय करतात, हे मॅडम शोधत होत्या. झेब्रा माशाचं अंडं काचेसारखं आरपार. दुसऱ्या दिवशी आत काळीज उडताना दिसतं. मला सूक्ष्मदर्शकाशी बसवून म्हणाल्या, “हळू श्वास घे, घाबरेल ते.” मी खरंच श्वास रोखला. ते एवढंसं काळीज अजून डोळ्यांपुढे येतं.

एका बशीत काही अंडी रसायनाच्या पाण्यात, दुसरीत काही साध्या पाण्यात. साध्यातली पिल्लं सरळ निघाली, तरच रसायनातल्या वाकड्या पिल्लांसाठी रसायनाकडे बोट दाखवायचं.

त्यांची विद्यार्थिनी रोहिणी. तिची शिष्यवृत्ती संपत आलेली, हा शेवटचा प्रयोग. मी मासे घेऊन गेलो, तर ती रडत होती. साध्या पाण्यातली पिल्लंही वाकडी निघाली होती.

शेजारच्या विभागातले एक सर म्हणाले, “अहो मॅडम, या बशा सोडून द्या, आधीच्या निकालांवर भागवा. मुलीचं वर्ष वाचेल.”

“वर्ष वाचेल हो. पण मुलगी लपवायला शिकेल, त्याचं काय?”

मग मॅडमनी एकेक वस्तू तपासायला घेतली. बेसिनवर फुलांच्या चित्राची, हात धुवायच्या साबणाची बाटली होती. रोहिणीनं बशा त्यानंच धुतल्या होत्या. मागचं बारीक अक्षर मॅडमनी दोनदा वाचलं. ज्याच्यावर प्रयोग चालला होता, तेच रसायन आत! आणि बाटली आणलेली खुद्द मॅडमनी, पाहुणे येणार म्हणून.

“मॅडम, मीच वाचायला हवं होतं,” रोहिणी म्हणाली.

“गप्प बस. बाटली माझी. अख्ख्या पुण्याला लेबलं वाचायला सांगत फिरते मी!”

तशाच वरिष्ठांकडे गेल्या. चूक माझी आहे, मुदत हिला द्या, असं भर बैठकीत बोलल्या. मुदत मिळाली. सगळं पहिल्यापासून. मॅडम स्वतः बशा विसळायच्या, जेवणाचा डबा तसाच बंद राहायचा. बेसिनवर नवी पाटी लागली: ‘बशा फक्त साध्या पाण्याने धुवाव्यात. शंका असल्यास बाटली आणणाऱ्या बाईंना विचारावे.’

आणि एका सकाळी रोहिणी ओरडली, “मॅडम, साध्यातली सरळ आहेत! सगळी!”

मॅडमनी बघितलं, चष्मा पुसला, परत बघितलं. “दुसरी बशी आण,” एवढंच म्हणाल्या. तिच्यातली वाकडी होती; पुढचं तुम्ही तज्ज्ञ मंडळींनी वाचलंच आहे.

माझ्या बायकोला दिवस गेले, तेव्हा मी धावत विचारायला गेलो, “घरातले सगळे साबण फेकू का?”

“मी मासे बघितलेत, माणसाचं छातीठोक सांगायला मी ज्योतिषी नाही. हात धुवायला साधा साबण पुरतो. आणि तिला घाबरवू नकोस.” मुलगी झाली तेव्हा मात्र बाळाला बघायला सगळ्यात आधी मॅडमच आल्या. बेसिनवरचा साबण उचलून मागचं बारीक अक्षर वाचलं, मग हात धुतले, मगच बाळाला घेतलं.

मॅडम, तुमचं काळीज त्या साध्या बशीतल्या पिल्लांसारखं उडत राहो, पाठ तशीच सरळ राहो, पुष्कळ पुष्कळ वर्षं. फक्त डबा वेळेवर उघडत जा. नाहीतर तुमच्या दारावर मी चिठ्ठी लावणार: ‘अन्न घेत नाहीत. निरीक्षण चालू.’